परत आल्याच्या तारखा

समुपदेशनासाठी येणाऱ्यांची मूळ तक्रार झोपेची असो, चिडचिडीची असो किंवा घरातील कुरबुरींची, बोलण्याच्या ओघात एक वाक्य बहुतेक वेळा ऐकू येते : "मी व्यायाम कितीदा तरी सुरू केला, पण माझा टिकत नाही." त्यापाठोपाठ, आवाज थोडा खाली आणून, दुसरे वाक्य येते : "माझ्यात इच्छाशक्तीच नाही, त्याला कोण काय करणार?" या दुसऱ्या वाक्यासाठी मी हा अनुभव लिहीत आहे. ज्या ताईंची ही हकीकत आहे त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई साताऱ्यात शाहूपुरी भागात राहतात आणि मोळाच्या ओढ्यावरून मेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. वय चव्वेचाळीस. घरात पती, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. जुलैच्या मध्यावर, सलग सहा-सात दिवस सूर्य दिसलेला नसताना, त्या पहिल्यांदा आल्या. रेनकोट दाराबाहेर अडकवून आत आल्या आणि बसताबसताच म्हणाल्या, "मॅडम, आळसावर काही उपाय असेल तर सांगा. बाकी माझं सगळं ठीक आहे."

बाकी सगळे ठीक नव्हते. तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ आला होता. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा समजला जातो. डॉक्टरांनी गोळ्या न देता आहार आणि नियमित व्यायाम यांवर भर द्यायला सांगितले होते. ऐकणाऱ्याला हा दिलासा वाटावा, पण ताईंच्या वडिलांना मधुमेहामुळे पायाचे बोट गमवावे लागले होते आणि त्या जखमेचे ड्रेसिंग कित्येक महिने ताईंनी स्वतः केले होते. त्यामुळे ६.१ हा आकडा त्यांना उंबरठ्यासारखा दिसतच नव्हता. त्यांना थेट ती जखम दिसत होती. त्या भीतीपोटी त्यांनी एक योजनाही आखून आणली होती : पहाटे पाचला उठायचे, एक तास चालायचे, अर्धा तास योगासने करायची आणि रात्रीचे जेवण सोडायचे. मात्र सुरुवात दसऱ्याला, कारण "या पावसात काय होणार? तोपर्यंत तुम्ही माझ्या मनाची तयारी करून द्या."

योजनेवर मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. गेल्या चार वर्षांत व्यायाम केव्हा केव्हा सुरू केला, याची आठवेल तशी यादी करून आणा, एवढेच सांगितले. आणखी एक गोष्ट सुचवली, ती आधी सांगते, कारण ती माझ्या मते प्रत्येकाने आधी करावी. आळस या नावाखाली लोक ज्या थकव्याबद्दल बोलतात त्याचे मूळ कधी थायरॉईडमध्ये असते, कधी रक्तक्षयात, कधी झोपेत आणि कधी खऱ्याखुऱ्या नैराश्यात. नैराश्याची लक्षणे मी स्वतः पडताळून पाहिली, ती नव्हती. रक्ताच्या तपासणीसाठी मात्र त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवले. थायरॉईड ठीक निघाली, हिमोग्लोबिन ९.८ निघाले. प्रौढ स्त्रीमध्ये ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरला जातो. चाळिशीनंतर पाळीच्या वेळी जास्त रक्तस्राव होत होता आणि "या वयात व्हायचंच" म्हणून त्यांनी तो कोणाला सांगितलाही नव्हता. जिना चढताना लागणारी धाप आणि दुपारी पाठ टेकावीशी वाटणे यांना त्या चार वर्षे स्वभावदोष समजत आल्या होत्या. डॉक्टरांनी रक्तस्रावावर उपचार आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, गोळीनंतर लगेच चहा घेऊ नका असे बजावले, आणि हळूहळू चालायला हरकत नाही असा निर्वाळा दिला. छातीत दुखणे, चक्कर, थोड्या श्रमाने येणारी विलक्षण धाप यांपैकी काही असेल तर हा निर्वाळा घेतल्याशिवाय कोणीही व्यायामाचे पहिले पाऊल टाकू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तर उपाशीपोटी लांब चालायला निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायलाच हवे.

पुढच्या बुधवारी ताई वहीचे दोन पाठपोट लिहिलेले कागद घेऊन आल्या. आठ सुरुवाती होत्या. एक गुढीपाडव्याची, अजिंक्यताऱ्यावर रोज चढून जाण्याची. एक १ जानेवारीची, जिमचे वर्षभराचे शुल्क एकदम भरून केलेली. एक रथसप्तमीची, शाळेत मुलांकडून सूर्यनमस्कार घालून घेताना आपणही रोज चोवीस घालायचे असे ठरवून केलेली. एक २१ जूनच्या योग दिनाची, दोन दसऱ्यांच्या, एक चाळिसाव्या वाढदिवसाची. आठवीला मात्र कोणताच मुहूर्त नव्हता. बरोबरीची एक शिक्षिका अचानक वारली, त्या धक्क्यात ती झाली होती. सगळ्यांत लांब टिकलेली सुरुवात एकेचाळीस दिवसांची होती, सगळ्यांत आखूड चार दिवसांची.

मुहूर्ताला माझा विरोध नाही. हेंगचेन डाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले होते की नवीन आठवडा, नवीन महिना, नवीन वर्ष, स्वतःचा वाढदिवस अशा दिवसांनंतर लोकांचे व्यायामशाळेत जाणे वाढते. मागचे वर्ष मागे पडले, आता मी निराळी, असे मनाला वाटते आणि त्या वाटण्यात खरेच बळ असते. साडेतीन मुहूर्तांची योजना करणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही माणसाचे हे मन ठाऊक असले पाहिजे. परंतु पाडव्याचे बळ पाडव्यापुरते असते. अठराव्या दिवशी मुलगी तापाने फणफणलेली असते, शाळेत तपासणी असते, रात्री दोन वाजेपर्यंत झोप झालेली नसते, आणि त्या दिवशी कोणताही मुहूर्त मदतीला येत नाही. शिवाय मुहूर्ताची वाट पाहण्यात एक फसवी सोय असते : जुलैत ठरवून दसऱ्यावर ढकलले की मधले तीन महिने काहीही न करता संकल्प केल्याचे समाधान मिळत राहते.

त्या आठ सुरुवाती कशा बंद पडल्या हे मी विचारले नाही. ती कारणे साधीच होती. पाडव्याची सुरुवात टाचदुखीने थांबली, कारण वर्षभर वर्गात उभे राहण्यापलीकडे हालचाल नसलेल्या पायांनी त्यांनी सलग पाच दिवस किल्ला चढला होता. इतर कोठे पाहुणे, कोठे प्रशिक्षण, कोठे पाऊस. मी विचारले ते असे : "बंद पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं? टाच बरी झाली, त्या दिवशी तुम्ही परत का नाही गेलात?"

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी जे सांगितले ते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. टाच तीन आठवड्यांत बरी झाली होती. पण किल्ल्यावर रोज भेटणाऱ्या बायका "काय हो, दिसला नाहीत?" असे विचारतील, या विचाराने त्या गेल्या नाहीत. जिमचे वर्षाचे पैसे भरलेले असताना दहा दिवसांचा खंड पडला, तेव्हा तिथल्या माणसाची नजर चुकवण्यासाठी त्या पुढचे सहा महिने ती गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने राजवाड्याकडे जात होत्या. सूर्यनमस्कारांच्या बाबतीत तर पाहणारे कोणीच नव्हते. तरी ज्या खोलीत सतरंजी घालत त्या खोलीत त्यांना नकोसे होऊ लागले होते. प्रत्येक वेळी अडथळा आठवड्या-दोन आठवड्यांचा होता आणि लाज मात्र काही महिन्यांची होती.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ही घडण चांगली परिचयाची आहे. अ‍ॅलन मार्लॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दारू सोडणाऱ्यांचा अभ्यास करताना ती मांडली. सोडल्यानंतर एखाद्या वेळी घोट घेतला जातो. तेवढ्याने सगळे संपत नाही. पण तो माणूस त्या घोटाचे कारण त्या संध्याकाळच्या परिस्थितीत न शोधता स्वतःच्या स्वभावात शोधतो, मी असाच आहे असे ठरवतो आणि त्या निकालाच्या ओझ्याखाली पूर्ण कोसळतो. ताई हेच करत होत्या, फक्त विषय व्यायामाचा होता. एक दिवस चुकला की त्या स्वतःवर निकाल देत, आणि निकाल लागल्यावर पुढे खटला चालवण्यासारखे काही उरत नसे.

सवयीबद्दलचे एक संशोधन मी त्यांना सविस्तर समजावून सांगितले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापला गेला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक छोटी सवय निवडली आणि ती रोज ठरावीक प्रसंगाशी जोडून बारा आठवडे पाळायचा प्रयत्न केला. सवय आपोआप होऊ लागायला लागणाऱ्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसांत तो काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने बांधलेले अंदाज होते). एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला इथे आधार मिळत नाही. ताईंच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष दुसराच होता : एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. त्यांनी तो भाग मला दोनदा सांगायला लावला. एकेचाळीसाव्या दिवशी त्यांनी जे सोडून दिले होते ते मोडलेले नव्हतेच, हे पचायला त्यांना वेळ लागला आणि थोडे रडूही आले.

त्यानंतर आम्ही योजना उलट्या टोकाने आखायला घेतली. चांगल्या दिवशी काय करायचे हे कोणालाही सुचते. सर्वांत वाईट दिवशी, म्हणजे बाहेर धो धो पाऊस, झोप पाच तासांची, शाळेत अधिकारी येणार आणि घरी सासूबाईंचा गुडघा दुखतो आहे अशा दिवशी, काय निश्चित होऊ शकेल ते आधी ठरवायचे आणि तोच आपला नेमाचा व्यायाम मानायचा. बाकी सगळे त्यावरचे जास्तीचे. ताईंचे उत्तर होते, "काहीच नाही." मग मी त्या वाईट दिवसाची सकाळ मिनिटामिनिटाने सांगायला लावली, तेव्हा साडेसहाला कुकर लावल्यापासून तीन शिट्ट्या होईपर्यंतचा सात-आठ मिनिटांचा वेळ सापडला. त्या वेळात त्या ओट्यापाशी उभ्या राहून फोन पाहत असत.

कुकर लावला की सुरुवात करायची असे ठरले. ओट्याच्या गॅसपासून दूरच्या, कोरड्या टोकाला हात टेकून तिरप्या अंगाने दहा जोर, स्वयंपाकघरातील खुर्चीवरून हात न टेकता बारा वेळा उठणे-बसणे, आणि ओट्याला धरून वीस वेळा टाचा उचलणे. शिट्ट्या झाल्या की संपले, मध्येच राहिले तरी संपले. "अमुक घडले की तमुक करीन" अशा नेमक्या शब्दांत केलेला निश्चय "मी रोज व्यायाम करीन" अशा मोघम निश्चयापेक्षा पुष्कळ अधिक पाळला जातो, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आलेले सूत्र आहे. घड्याळापेक्षा कुकर अधिक भरवशाचा, कारण घरात तो लागणारच असतो, पावसाळ्यात, मेमध्ये आणि दिवाळीतही.

ताईंना हे पसंत पडले नाही. त्यांना तो जवळजवळ अपमान वाटला. "मॅडम, एवढ्यानं काय होणार? हा काय व्यायाम झाला?" त्यांच्या या प्रश्नामागे आपल्या जिल्ह्याचा एक इतिहास आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेल्या ललिता बाबर माण तालुक्यातल्या. सूर्यनमस्कारांचा प्रसार ज्यांनी आयुष्यभराचे कार्य मानले आणि आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले, ते बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंधचे. अशा मातीत व्यायाम म्हटले की डोळ्यांसमोर तालीम येते, घाम येतो, शेकड्यांत मोजलेले जोर येतात. त्या चित्राशेजारी चव्वेचाळीस वर्षांच्या, रक्त कमी असलेल्या बाईने खुर्चीवरून बारा वेळा उठणे ठेवले की ते क्षुल्लक दिसते. पण ताईंना पदक मिळवायचे नव्हते. त्यांना पुढची तीस वर्षे आपल्या पायांवर उभे राहायचे होते, आणि त्या कामाचा हिशेब निराळा असतो.

तो हिशेब मी मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी की चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. पूर्वी अशी अट होती की हालचाल सलग दहा मिनिटे झाली तरच ती धरायची. ती अट या सूचनांतून काढून टाकलेली आहे आणि काहीच न करण्यापेक्षा थोडेही केलेले चांगले, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. रोज दहा हजार पावले हा आकडा ताईंच्या मनात पक्का बसला होता. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून आला. वयस्कर स्त्रियांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि साधारण ७,५०० नंतर हा लाभ वाढेनासा झाला. अगदी थोडे चालणाऱ्यांनी थोडे अधिक चालण्यात सर्वांत मोठा फायदा आहे, ही गोष्ट मी त्यांच्याकडून त्यांच्याच शब्दांत म्हणवून घेतली.

पावसाचा प्रश्न शाळेने सोडवला. शाळेला लांब व्हरांडा आहे. मुलांचे जेवण झाल्यावर ताई त्या व्हरांड्यात दहा मिनिटे येरझाऱ्या घालू लागल्या. तिसऱ्या दिवसापासून दुसरीतल्या चार मुली त्यांच्यामागे रांग करून चालू लागल्या.

एक अडचण मात्र ताईंच्या मनात नव्हती, घराच्या रचनेत होती, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा अनुभव प्रामाणिक होणार नाही. ऑगस्टमध्ये मी त्यांच्या पतींना एकदा बोलावले. ते सज्जन गृहस्थ आहेत आणि मनापासून म्हणाले, "मी तिला कधी अडवलं नाही. उलट मीच सांगतो, फिरायला जात जा." हे खरेच होते. मी त्यांना एवढेच विचारले की सकाळी साडेपाच ते सात या वेळात घरात काय काय होते. त्यांनी तीन कामे सांगितली. ताईंनी त्यानंतर सांगितलेली कामे मी कागदावर लिहीत गेले, ती सतरा भरली : पाणी भरणे, दूध तापवणे, सासूबाईंचा चहा आणि गोळ्या, मुलीचा डबा, स्वतःचा डबा, क्लासला जाणाऱ्या मुलीला उठवणे, तेही दोनदा. स्वतः न अडवणे आणि दुसऱ्याला वेळ मोकळा करून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कागदाने त्यांना दाखवले. त्यांनी वाद घातला नाही. सकाळचा चहा, गोळ्या आणि आठवड्यातून तीन दिवस मुलीला क्लासला सोडणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली. सासूबाईंनी घरी याहून मोठा धक्का दिला, त्या म्हणाल्या, "माझा चहा मी करते की. मला कोणी करूच देत नाही." इच्छाशक्ती नाही असे म्हणणाऱ्या कितीतरी स्त्रियांकडे प्रत्यक्षात स्वतःच्या नावाची वीस मिनिटे नसतात. त्यांना इच्छाशक्ती वाढवण्याचे सल्ले देणे हा मी अन्याय समजते.

आता माझ्या चुकीबद्दल. तीन आठवडे सुरळीत गेल्यावर मी ताईंना भिंतीवरच्या कॅलेंडरवर व्यायाम झालेल्या प्रत्येक दिवशी फुली करायला सांगितले. पुष्कळांना या साखळीचा आधार वाटतो. ताईंनी सलग सव्वीस फुल्या केल्या. मग गौरी-गणपती आले, घरी अकरा माणसे जेवायला, ओट्यापाशी उभे राहायला जागा नाही, आणि पाच चौकोन रिकामे राहिले. त्यानंतरच्या बुधवारी ताई आल्या नाहीत. संदेश आला : "मॅडम, माझं नेहमीचंच झालं. तुमचा वेळ वाया घालवला, क्षमस्व."

ज्या बाईचे सारे दुखणे चुकलेल्या दिवसावरच्या निकालात होते, तिच्या स्वयंपाकघरात मी रोज दिसेल असा निकालफलक टांगला होता. मी त्यांना फोन केला आणि चूक माझी झाली असे सांगितले. कॅलेंडर उतरवायला सांगितले. त्याऐवजी वहीच्या शेवटच्या पानावर एकच गोष्ट लिहायची असे ठरवले : खंड पडल्यानंतर ज्या दिवशी परत सुरुवात केली, ती तारीख. खंड किती दिवसांचा होता ते लिहायचे नाही, कारणही लिहायचे नाही. केलेल्या दिवसांची मोजदाद नाही, चुकलेल्यांची नाही, फक्त परत येण्यांची. व्यायाम टिकलेल्या माणसांशी मी जेव्हा जेव्हा बारकाईने बोलले आहे, तेव्हा त्यांच्याही आयुष्यात खंड भरपूर निघाले आहेत. परत येताना त्यांना फार काही वाटत नाही, एवढाच फरक मला आढळला. हे वाटेनासे होणे सरावाने येते आणि सराव व्हायला खंड पडावे लागतात. त्याच संध्याकाळी ताईंनी फोटो पाठवला : कोरे पान आणि त्यावर पहिली तारीख.

पुढचे महिने भराभर सांगते. दसरा आला आणि गेला. त्या दिवशी काहीही नवीन सुरू केले नाही, हे त्यांनी स्वतःहून आणि थोड्या आनंदाने सांगितले. पाऊस उघडल्यावर आठवड्यातून तीनदा सकाळी चालणे सुरू झाले, आधी गोडोलीच्या बाजूला सपाटीवर, नोव्हेंबरपासून 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकाच्या चढणीवर. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची हा नियम आम्ही पाळला. आधी वेळ, मग चढ, मग वेग, कारण स्नायू आणि दम जितक्या लवकर तयार होतात तितक्या लवकर स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे तयार होत नाहीत, आणि पाडव्याला टाचेने दिलेला इशारा तोच होता. रथसप्तमीला त्यांनी मुलांबरोबर सहा सूर्यनमस्कार घातले आणि थांबल्या. त्या आधी निवडणुकीच्या कामाने बारा दिवस खाल्ले होते, त्यानंतर मुलीच्या परीक्षेने तीन आठवडे. वहीत दोन तारखा वाढल्या. मेमध्ये सकाळी सहानंतर ऊन तापू लागले तसे चालणे रात्रीच्या जेवणाआधी गेले. जानेवारीपासून बहुतेक आठवड्यांत त्यांची हालचाल सव्वाशे मिनिटांच्या आसपास भरत होती. "दीडशे तर होत नाहीत," असे त्या म्हणाल्या, तेव्हा जुलैत हा आकडा शून्य होता याची मी आठवण करून दिली.

लाभांबद्दल मी जपून लिहिते. वजन वर्षभरात दोन किलो उतरले, त्याहून अधिक नाही. हिमोग्लोबिन १२.३ झाले, ते उपचारांमुळे आणि गोळ्यांमुळे. एचबीएवनसी ५.८ आले, पण रक्तातील लोह कमी असताना हा आकडा थोडा चढा दिसू शकतो, त्यामुळे उतरलेल्या आकड्याचे सारे श्रेय चालण्याला देता येणार नाही, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले आणि ताईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. झोप मात्र ऑक्टोबरपासूनच सुधारली होती. वर्षाच्या शेवटी, दळणाचा डबा त्या गिरणीतून स्वतः उचलून आणतात आणि मधल्या कट्ट्यावर टेकवावा लागत नाही, ही गोष्ट त्यांनी मला आकड्यांच्या आधी सांगितली.

नियमित भेटी मार्चमध्येच थांबल्या होत्या. यंदाच्या जुलैत, तशाच पावसात, त्या एकदा वाट वाकडी करून आल्या. सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मग नणंदेचे घरी येणे आणि स्वतःचा ताप यांत एकोणीस दिवस काहीही झाले नव्हते. "विसाव्या दिवशी कुकर लावला," त्या म्हणाल्या, "आणि हात आपोआप ओट्यावर गेले. चार जोर काढल्यावर लक्षात आलं की अरे, आपण सुरू केलंय." पिशवीतून वही काढून त्यांनी शेवटचे पान माझ्यासमोर धरले. त्यावर नऊ तारखा होत्या, आणि नवव्या तारखेची शाई अजून निळीशार होती.